कमावता मुलगा नसलेल्यांसाठी

मी बडबड्या माणूस आहे. आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. मेव्हण्याच्या लग्नातलं भांडण, बँकेतल्या साहेबाची फजिती, माझं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन – सगळं माझं सगळ्यांना सांगून झालंय. ऐकणारा उठून गेला तरी माझं चालूच असतं. पण एक गोष्ट मी आजवर ओठांबाहेर काढलेली नाही. बायकोलाही सांगितली नाही. ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. कधी वाटतं, तिला तरी सांगायला हवं होतं. आणि लगेच वाटतं, बरं झालं नाही सांगितलं. बघा, माझी लबाडी ही अशी इथपासूनच सुरू होते.

गोष्ट दातांची आहे. हसलात तरी चालेल – आबा स्वतः हसायचे.

आबा म्हणजे माझे वडील. कुरुंदवाडच्या बाजूला आमचं गाव, नदीकाठाला थोडी जमीन. आई गेल्यावर आबांनी जमीन चुलतभावाला कसायला दिली आणि ते आमच्याकडे कोल्हापुरात राहायला आले. शाहूपुरीत आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं बिऱ्हाड. मी, बायको, लहान मुलगी आणि आबा. डोक्याला पटका, पायात करकरणारं पायताण, आणि आवाज असा की घरात बोलले तरी पलीकडच्या बांधावरच्या माणसाला हाक मारतायत असं वाटावं. मंडईत भाजीचा भाव विचारायला लागले की लोकांना भांडण लागलंय असं वाटायचं. आणि तोंडात दात एकही नाही. जन्मभर मिश्री लावली, दात बळकट होतात म्हणून. दात गेले तरी मिश्री सुटली नाही, हिरड्यांना लावायचे.

दात नसल्याचं दुःख त्यांना आठवड्यातून एकदाच व्हायचं – रविवारी. रविवारी आमच्याकडे मटण. कोल्हापूरच्या माणसाला यापेक्षा जास्त काही सांगायला नको. आबा तांबडा रस्सा वाटीवर वाटी ओरपायचे आणि ताटातले तुकडे उचलून नातीला वाढायचे. मला रस्सा बास, म्हणायचे. पण तिनं एखादा तुकडा दातानं तोडला की ते नुसते बघत राहायचे. एकदा बायकोनं त्यांच्यासाठी तुकडे पाट्यावर ठेचून दिले. त्यांनी मुकाट्यानं खाल्ले. मग म्हणाले, चव झ्याक आहे गं पोरी, पण चावल्याबिगर मटण खाल्ल्यागत वाटत नाही. मरायच्या आधी एकदा दातानं तोडून खायला मिळालं पाहिजे. बोलता बोलता बोलून गेले. मुलाकडं त्यांनी जन्मात काही मागितलं असेल तर ते एवढंच. तेही मागितलं असं म्हणता यायचं नाही.

मी म्हणालो, कवळी करून घेऊया की आबा.

आता इथं एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्यासाठी सबब शोधण्याचे तुमचे कष्ट वाचतील. आणीबाणी उठली त्याच्या मागची-पुढची ही वर्षं. स्कूटरसाठी नाव नोंदवून माणसं वर्षानुवर्षं वाट बघायची. माझा नंबर लागत आला होता. त्यासाठी साठवलेले पैसे होते. कवळी केली असती तर स्कूटर लांबली असती, एवढंच. उपाशी कुणी राहणार नव्हतं.

घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक दातांचे डॉक्टर होते. तरुण, मऊ बोलणारे. त्यांच्याकडे पालिकेच्या खर्चानं म्हाताऱ्यांना कवळी बसवून मिळायची. दारात पाटीच होती – ज्यांना कमावता मुलगा नाही अशा वृद्धांसाठी. गावातल्या एखाद्या नोकरदार माणसानं डॉक्टरांना तशी खात्री द्यायची, की झालं. येता-जाता ती पाटी मी वाचलेली होती. आमच्यासाठी नव्हतीच ती. आबांना कमावता मुलगा होता. बँकेत होता. टेरिलीनचा शर्ट घालत होता.

देवाशपथ सांगतो, मी पैसे भरूनच – नको, शपथ राहू दे. पैसे भरून कवळी करायची अशाच विचारानं मी आबांना घेऊन गेलो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. खरं आहे का ते? तर मग दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी आबांच्या चार पावलं पुढं का होतो? आत गेल्यावर त्यांच्या शेजारी बाकावर न बसता खिडकीपाशी का उभा राहिलो? मला खरंच सांगता येत नाही. मनात काय होतं ते मनालाच ठाऊक, आणि माझं मन माझ्याशी कधी सरळ बोललेलं नाही.

डॉक्टरांनी आबांना खुर्चीत बसवलं, तोंड बघितलं, आणि माझ्याकडं वळून खर्च सांगितला. मी गप्प राहिलो. त्यांना त्या गप्प राहण्याचा काय अर्थ लागला कोण जाणे. त्यांनी एकदा आबांच्या पटक्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि सहज विचारलं, तुम्ही यांचे कोण?

"शेजारी," मी म्हणालो.

इतकं सोपं असतं ते. तोंडातून शब्द जातो आणि आकाश कोसळत नाही. बाहेर कुणाची तरी सायकल पडली, एवढाच आवाज झाला.

मग त्यांनी विचारलं, यांना मुलगा वगैरे? मी म्हणालो, नाही. कुणी नाही त्यांना.

आबा खुर्चीत मान मागं टाकून बसले होते, तोंड उघडंच होतं. त्यांचे डोळे तेवढे माझ्याकडं वळले. त्यात राग नव्हता. राग असता तर मी आज हे लिहीत बसलो नसतो, विसरूनसुद्धा गेलो असतो. ते मला समजून घ्यायला बघत होते. आपलं पोरगं असं का म्हणालं, त्याची काहीतरी अडचण असणार, ती काय असेल – असं बघत होते. डॉक्टरांनी त्यांना विचारलं, काय आजोबा, खरं ना? आबांनी तोंड मिटलं, ओठ पुसले.

"व्हय की," ते म्हणाले. "मला कोण न्हाय. ह्ये सायेब हायत, म्हनून आलो."

सायेब. मला म्हणाले. ज्यांनी मला खांद्यावर बसवून नदी पार केली, ज्यांची मला 'अरं बाळ्या' याखेरीज दुसरी हाक माहीत नव्हती, ते मला अहो-जाहो करायला लागले. आणि नुसतं त्या दिवसापुरतं नाही. कवळी एका खेपेत होत नसते – माप घ्यायला, बसवून बघायला, घासून नीट करायला परत परत जावं लागतं. प्रत्येक खेपेला दवाखान्याची पायरी आली की आबा मागं थांबायचे आणि म्हणायचे, चला सायेब, तुमी फुडं. परत रस्त्यावर आलो की अरं बाळ्या. मी आबाच म्हणायचो. शेजाऱ्यालाही आबा म्हणतात, तेवढी एक हाक मला खोटी करावी लागली नाही.

डॉक्टर माझं कौतुक करायचे. आजकाल पोटची मुलं बघत नाहीत आणि तुम्ही शेजारी असून एवढं करता, म्हणायचे. दुसऱ्या पेशंटांना सांगायचे. मी मान खाली घालून हसायचो. ते कौतुक मला आवडलं का? सांगायलाच बसलोय तर सांगतो – आवडलं. खोटं आहे हे ठाऊक असूनही आतून जरा गुदगुल्या झाल्या.

पहिल्या खेपेला परत येताना मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आबांनीच मला अडवलं. म्हणाले, फुकाट हुतंय तर बरंच की, सरकारला काय कमी हाय? आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावरून नातीसाठी शेंगा घेतल्या. मला मोकळं करून टाकलं त्यांनी. मीही लगेच मोकळा झालो. बायकोला सांगितलं, डॉक्टर चांगले आहेत, सवलत दिली. आबा शेजारी बसून शेंगा सोलत होते. त्यांनी मान हलवली.

इथवर असतं तरी, तुम्हाला सांगतो, मी झाकून टाकलं असतं. माणसं सवलतीसाठी काय काय खोटं बोलतात. वय कमी सांगतात, जास्त सांगतात. पण दुसऱ्या खेपेला मापं घेताना डॉक्टर आबांशी गप्पा मारायला लागले. बिचारे प्रेमानंच. त्यांना म्हणाले, आजोबा, मूलबाळ झालंच नाही का? मी खिडकीपाशी उभा. आबांच्या तोंडातून मेणाचा गोळा नुकताच काढला होता. त्यांनी जिभेनं हिरड्या चाचपल्या. 'झालंच न्हाय' म्हणायचं – म्हणजे माझ्या आईला वांझ म्हणायचं. ते त्यांच्याच्यानं होणार नव्हतं.

"एक पोरगं हुतं," ते म्हणाले.

डॉक्टरांनी अरेरे म्हणून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढं काही विचारलं नाही. तुम्हाला वाटत असेल, त्या क्षणी तरी मी पुढं झालो असेन, म्हणालो असेन की डॉक्टर, ते पोरगं मी. मीही पुष्कळदा तसं कल्पून बघतो. कल्पनेत मी फार चांगला माणूस आहे.

त्या दिवशी परतताना घराजवळ आल्यावर आबा मध्येच थांबले, दोन्ही कान धरले, आणि स्वतःशीच पुटपुटले, माझ्या जिभंला हाड न्हाय. मी म्हणालो, काय झालं आबा? म्हणाले, काय न्हाय, चल. पुढच्या रविवारी ते सकाळीच उठून जोतिबाला गेले. एकटे, अनवाणी. मी वैतागलो. दवाखान्याच्या खेपा, माझी रजा, आणि यांना यात्रा सुचतेय, असं बायकोपाशी बडबडलो. दुपारनंतर ते आले ते गुलालानं माखूनच. पायांना फोड आलेले. आल्या आल्या माझ्या कपाळाला गुलाल लावला, तोंडात खोबऱ्याचा तुकडा घातला, आणि मी तो चावून गिळेपर्यंत समोरून हलले नाहीत. लहान पोराला औषध देताना बघावं तसे बघत होते. मी म्हणालो, पुरे की आता. तेव्हा कुठं पायताण शोधायला गेले.

कवळी आली. काय सांगू तुम्हाला, चेहराच बदलला त्यांचा. गाल भरले. आरशासमोर उभे राहून दात विचकून बघत होते, नात खिदळत होती. बोलताना शिट्टी वाजायची, त्याचीही त्यांना मजा वाटायची. हळूहळू सवय झाली. भाकरी कडाकडा खायला लागले, मुद्दाम कडेची, जरा करपलेली. आणि मग एका रविवारी मी स्वतः जाऊन चांगलं निवडून मटण आणलं. बायकोनं सकाळपासून वाटण घाटण केलं. आबांचं ताट आधी वाढलं. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो.

आबांनी ताट हळूच बाजूला सारलं. म्हणाले, मला नगं. भाजी-भाकरी असली तर द्या.

रस्साही घेतला नाही. बायकोला वाटलं तब्येत बरी नाही. मी समजलो – म्हणजे मला वाटलं मी समजलो. राग धरलाय म्हातार्‍यानं. त्या दिवशी दवाखान्यात गप्प बसला आणि आता ताटावर वचपा काढतोय. आणि मी जे बोललो ते बोलू नये असं होतं. म्हणालो, इतकी हौस होती ना? मग आता काय झालं? फुकट गेले म्हणायचे दात. नातीसमोर, सुनेसमोर बोललो. आबांनी खाली बघत भाकरी मोडली. म्हणाले, आता इच्छा न्हाय राहिली रं. एवढंच.

त्यानंतर त्यांनी मटणाला कधी हात लावला नाही. रविवारी आमची ताटं तांबडी व्हायची आणि ते कोपऱ्यात वांग्याची भाजी खायचे. सुरुवातीला मी टोमणे मारायचो, मग तेही सोडलं. आतल्या आत मीही अढी धरली. म्हटलं, असा राग असेल तर राहू दे. स्कूटर आली. पेढे वाटले. आबा मागं बसायचे, माझा खांदा घट्ट धरून. दवाखान्याची गल्ली जवळ आली की पाठीवर थोपटायचे – हिकडनं नगं, तिकडनं घे. डॉक्टरांनी आपल्याला असं बापलेकासारखं बघू नये म्हणून. मी तिकडनं घ्यायचो. लांब पडायचं, पण घ्यायचो.

काही वर्षांनी आबा गेले. फार आजारी पडले नाहीत, कुणाला त्रास दिला नाही. मी रीतीप्रमाणं सगळं केलं. लोक म्हणाले, मुलगा असावा तर असा. ऐकून घेतलं.

त्याच्या पुढच्या वर्षी बायको म्हणाली, जोतिबाला जाऊन येऊ. गेलो. तिथं एक गुलाल-खोबऱ्याचं दुकान होतं. आबा कायम तिथंच पायताण काढायचे. दुकानातली बाई म्हातारीच, मला लहानपणापासून नावानं नसली तरी तोंडानं ओळखणारी, पण मी आबांचा कोण हे तिला ठाऊक नसावं. बायको मुलीला घेऊन दर्शनाच्या रांगेत पुढं गेली, मी चपला ठेवायला मागं राहिलो. बाईनं विचारलं, म्हातारं न्हाईत दिसत बरोबर? मी सांगितलं. ती चुकचुकली. खोबरं कागदात बांधता बांधता म्हणाली, लई मायाळू मानूस. लेकापायी मटण सोडलं हुतं की त्यांनी, हितंच, माझ्याम्होरं. वर जायच्या आधी हितं बसून ढसाढसा रडले. लेकाच्या जिवाला लागंल असं काय तरी त्वांडातनं गेलंय म्हनाले. देवाला आवडतं ते द्यावं लागतंय, मला मटणापरीस दुसरं काय आवडत न्हाय, आनि दात तर आता आठवड्या-पंधरवड्यात येनार. तर तेच सोडतो, पर माझ्या पोराला काय हुऊ नये.

मी ऐकत उभा होतो. राग नव्हता तो. एवढी वर्षं मी ज्याला राग समजून आत अढी धरून बसलो, तो राग नव्हताच. 'एक पोरगं हुतं' – जिवंत मुलाला आपण आपल्या तोंडानं मेलेला म्हटलं, ते खरं होऊ नये म्हणून माणूस अनवाणी डोंगर चढला, आणि जे खायला दात पाहिजे होते तेच देवापुढं टाकून आला. मी त्यांना नाकारलं याची त्यांना फिकीर नव्हती. मला काही होऊ नये, एवढीच फिकीर होती. आणि मी त्यांना म्हणालो होतो, फुकट गेले दात.

बाईनं पुडी माझ्या हातात दिली. माझ्याकडं निरखून बघितलं. तिला वाटलं असणार, मी तेव्हा कसल्या तरी मोठ्या दुखण्यात होतो.

"म्हंजे पावणं, त्यो लेक तुमीच?" ती म्हणाली. "बरं हाय न्हवं आता तुमाला?"

मी म्हणालो, हो. बरं आहे.

वर देवळाकडं गेलो. बायकोनं विचारलं, एवढा वेळ का लागला? चपला ठेवायला गर्दी होती, म्हणालो. आल्यावर, त्याच आठवड्याच्या रविवारी घरी मटण झालं. आता मीही ते सोडावं, असं ताटावर बसेपर्यंत मनात होतं. बायकोनं वाढलं. मी जेवलो, आणि पुन्हा वाढून घेतलं.